पहिली गिटार: स्क्रूची मान की चिकटवलेली?

डिचोलीला घराच्या पडवीत इलेक्ट्रिक गिटार बनवायला लागलो, तेव्हा पहिला पेच हाच पडला. फेंडर कंपनीने १९५० मध्ये धडाला स्क्रूंनी आवळलेल्या मानेची गिटार बाजारात आणली; गिब्सन कंपनीच्या १९५२ च्या लेस पॉल गिटारमध्ये मान धडाच्या खाचेत चिकटवलेली.

नवख्याने बेलाशक स्क्रू निवडावेत. कोन चुकला तर मान काढायची, खाचेत पातळ पाचर सरकवायची, पुन्हा आवळायची. माझी पहिली मान तीनदा निघाली. पावसाळ्यात आपल्याकडे लाकूड दमट हवा पितं, मान हलते, तारा फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, खरखरतात. तेव्हा ही सोय फार मोलाची वाटते. (मानेचा बाक मात्र ट्रस रॉडनेच, म्हणजे मानेतल्या धातूच्या सळईनेच काढायचा; तो रॉड दोन्ही प्रकारांत लागतो.)

चिकटवलेला सांधा देखणा. टाच, म्हणजे मान धडाला जुळते तिथला जाड भाग, हवी तशी तासता येते, हात वरच्या फ्रेटपर्यंत सहज पोचतो. पण लेस पॉलच्या घडणीत मान सुमारे ४ अंश मागे कललेली लागते, आणि अर्ध्या अंशाची चूक ब्रिजपाशी, म्हणजे धडावर तारा टेकतात तिथे, २ मिलिमीटर होते. सरस वाळल्यावर वाफ देऊनच सांधा उकलतो. म्हणून असं काम मी दसऱ्यानंतरच घेतो. आधी कोरडीच मान बसवून गिटार मानेने उचलायची. गिटारचं धड निसटलं नाही, तरच सरस लावायचा.