पापडाचे डबे पलंगाखाली: पत्र्याच्या दुकानाचा अनुभव

अमळनेरला आमच्या माळ्यावर तेलाचे पंधरा किलोवाले आठ डबे होते. बिबड्या, कुरडया, उडदाचे पापड, सगळं त्यातच. यंदा सासूबाईंसाठी स्टीलच्या कोठ्या घेतल्या आणि डबे मोकळे झाले. भंगारवाला डब्यामागे वीस रुपये म्हणाला. मी म्हटलं, राहू दे बाबा.

आमची झोपायची खोली दहा बाय दहा. नवं कपाट ठेवलं तर दार उघडत नाही. पलंगाखाली मात्र दहा इंच जागा रिकामी. डबा उभा चौदा इंच, आडवा केला की सव्वानऊ. म्हणजे लांब बाजूचा पत्रा काढून डबा आडवा सरकवला की झाला खण. सहा डबे शेजारी शेजारी ठेवले तरी पलंगाची लांबी उरते.

बाजारातल्या जुन्या गल्लीत पत्र्याचं काम करणारे एक आबा आहेत. गाळा इतका लहान की गिऱ्हाईक रस्त्यावरच उभं राहतं. एरवी त्यांचं काम चाळण्या, नरसाळी आणि धान्याच्या कोठ्यांची झाकणं. मी म्हटलं, खाली चाकं बसवून द्या. त्यांनी सरळ नाही म्हटलं. “ताई, पत्रा पातळ आहे, कपडे भरले की चाक वर येईल. बुडाला गोणपाट चिकटवा, फरशीवर आपोआप सरकेल.” चाकांचे पैसे सहज घेता आले असते त्यांना.

पत्रा कापून, काठ वळवून त्यात तार घालायची, पुढे एक कडी, याचे डब्यामागे ऐंशी रुपये. या दुकानात जायचं ते याच काठासाठी. कापलेला पत्रा नुसता आत दुमडला तर वर्षभरात उघडतो आणि साडीचा पदर धरतो. तार घातलेल्या काठावरून डोळे मिटून हात फिरवा.

अर्थात पाच डब्यांवरून. सहाव्याचा एक कोपरा उचललेला राहिला होता, माझं बोट कापलं. परत नेला तर आबांनी तिथेच ठोकून दिला, पैसे नाही घेतले. पण घरी देताना बघायला हवं होतं ना? आणि वेळेचं तर विचारूच नका. चार दिवसांचं काम अकरा दिवसांनी मिळालं. सखाराम महाराजांची यात्रा तोंडावर होती, बोरी नदीच्या पात्रात दुकानं लागायची, सगळ्यांना कढया-झारे दुरुस्त करून हवे होते. वैशाखात काम टाकू नका.

रंग मी घरीच दिला आणि पहिल्या दोन डब्यांची माती केली. तेलाचा अंश राहिला होता, आठवड्यात रंगाचे पापुद्रे निघाले. मग उकळत्या पाण्यात धुण्याचा सोडा टाकून दोनदा धुतले, पॉलिश पेपर मारला, आधी गंज रोखणारं रेड ऑक्साइडचं अस्तर, मग ऑइल पेंट. कापलेल्या कडेला कथलाचा मुलामा उरत नाही, गंज तिथूनच धरतो, म्हणून रेड ऑक्साइड तिथे दोन हात. हिंगाचा वास जायला मात्र तीन दिवसांचं ऊन लागलं, तेही आमच्याकडचं मे महिन्यातलं! एका डब्याचा अजून गेला नाही. त्यात मोजे ठेवलेत.

एका डब्याला ब्रश लावलाच नाही. तो सासऱ्यांच्या वेळचा, वनस्पती तुपाचा, अंगावर ‘सनफ्लॉवर’ची पुसट छपाई. विप्रो म्हटलं की आता लोकांना कॉम्प्युटर आठवतो, पण 1945 साली ही कंपनी आमच्या गावात निघाली ती वनस्पती तुपासाठी. ‘सनफ्लॉवर’ तूप आणि ‘787’ नावाचा साबण. त्या डब्याला आबांनीही कात्री लावायला दोनदा विचारलं. शेवटी तो उभाच ठेवला, बिजागरीचं झाकण करून घेतलं, एकशेचाळीस रुपये. आता पलंगाशेजारी पाण्याचा तांब्या आणि चष्मा त्यावर असतो. लोणच्याची टवका उडालेली बरणी खिडकीत आहे, तिच्यात कंगवे.

सासूबाई रंगकाम बघून अहिराणीत म्हणाल्या होत्या, “आते डबडास्ले बी पावडर लावस का तू?” (आता डबड्यांनाही पावडर लावतेस का तू?) परवा त्यांनीच माळ्यावरचा उरलेला एक डबा खाली काढायला लावला. पोथी आणि औषधं एका जागी राहतील म्हणे. झाकणासाठी आबांकडे टाकलाय. सोमवारी देतो म्हणालेत, म्हणजे मी पुढच्या सोमवारी जाईन.