आसगावच्या व्हिलासाठी भरलेले २६,९९१ रुपये: गोव्याला निघण्याआधी हे वाचा

२६,९९१ रुपये. गोव्यात दोन रात्री राहायला मी एवढे पैसे भरले आणि ज्या व्हिलासाठी भरले त्याच्या फाटकाच्या आतही आम्हाला जाता आलं नाही. व्हिला खरा आहे. आसगावात आहे, फोटोत दिसतो तसाच आहे. खोटा होता तो फोन नंबर. फोनमधल्या नकाशावर त्या व्हिलाच्या नावाला बोट लावलं की जो नंबर समोर येतो, तो.

म्हणून "अनोळखी लिंक कशाला उघडलीस?" असं ज्यांना विचारायचंय त्यांनी आधी नीट वाचा. मी लिंक उघडली नाही. ओटीपी दिला नाही. कुठलं ॲप उतरवून घेतलं नाही. जुने रिव्ह्यू वाचले, फोटो पाहिले, तिथे दिलेल्या नंबरवर फोन केला. तुम्हीही हेच करता.

नवऱ्याचा चाळिसावा वाढदिवस २५ जानेवारीला होता. २६ तारीख सोमवारी आलेली, शनिवार चौथा, म्हणजे दोघांनाही सलग सुट्टी. पुण्याहून गाडीने गोव्याला जायचं एवढंच त्याला सांगितलं होतं, कुठे राहायचं ते गुपित ठेवलं होतं. सरप्राईज असल्यामुळे मी घरात कुणाशी बोलले नाही. एरवी असे व्यवहार तोच बघतो, आणि त्याने पहिल्याच प्रश्नात त्या माणसाला पकडलं असतं असं आता सगळे मला ऐकवतात. ऐकवू देत. नवऱ्याला विचारून सरप्राईज कसं देतात ते मला कुणी सांगावं.

फोनवरचा माणूस गोड बोलणारा. एका रात्रीचे ७,२०० सांगितले, त्या सुट्टीत आसगावात हा भाव अजिबात संशय येण्याइतका स्वस्त नव्हता. व्हॉट्सॲपवर व्हिलाचा लोगो, स्विमिंग पूलचा व्हिडिओ, केक आम्हीच आणून ठेवू का अशी विचारपूस. निम्मे आगाऊ म्हणून ७,२०० भरले. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर कुठल्यातरी एंटरप्रायझेसचं नाव आलं. ठीक वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप: लाँग वीकेंड आहे, पूर्ण पैसे आल्याशिवाय बुकिंग पक्कं होणार नाही. उरलेले ७,२०० आणि जीएसटी २,५९२, एकूण ९,७९२.

आणि इथेच ते दिसलं होतं. दुसरा क्यूआर कोड स्कॅन केला तर पडद्यावर एंटरप्रायझेस नव्हतं, एका बाईचं नाव होतं. पूर्ण नाव, आडनावासकट. मी थांबले. पिन टाकायच्या आधी त्याला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, सीझन आहे, करंट अकाउंटची आजची लिमिट संपली. हे आमच्या अकाउंटंटच्या मिसेसचं खातं आहे, बिल तुम्हाला व्हिलाच्याच नावाचं मिळेल." आणि खरंच दोन मिनिटांत बिल आलं. लेटरहेड, शिक्का, जीएसटी नंबर. मी पिन टाकला.

ते बाईचं नाव अजून डोळ्यांसमोरून जात नाही. यूपीआय ॲप पैसे पाठवायच्या आधी समोरच्याचं नाव दाखवतं ते याचसाठी. नाव बदललं की व्यवहार तिथेच थांबवायचा. अकाउंटंट, मिसेस, मेहुणा, लिमिट, कुठलंही कारण ऐकून घ्यायचं नाही. मी विचारलं होतं, हे मात्र लक्षात घ्या. बेफिकीर माणूस विचारत नाही. मला तयार उत्तर मिळालं, कारण हा प्रश्न त्यांना रोज कुणीतरी विचारत असणार.

ते बिल मी नंतर कितीतरी वेळा पाहिलं. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे ०८. ०८ म्हणजे राजस्थान. गोव्याचा नंबर ३० ने सुरू होतो, महाराष्ट्राचा २७ ने. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की कुणाच्या नावावर आहे ते फुकट दिसतं. शिवाय बिलात १८ टक्के लावले होते. रात्रीला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे, म्हणजे १४,४०० वर ७२० व्हायला हवे होते. हे हॉटेलवाल्याला माहीत असतं. गिऱ्हाइकाला का माहीत असावं?

शनिवारी पहाटे निघालो. निपाणीला चहाला थांबलो तेव्हा फोन आला. केअरटेकर चावी देणार नाही, ५,००० डिपॉझिट आत्ता भरा, चेकआउटला परत. नवरा टपरीवर चहा सांगत होता, मी गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन भरले. लगेच पुन्हा फोन: सॉफ्टवेअर राउंड फिगर घेत नाही, ४,९९९ पाठवायला हवे होते. ते पाठवा, आधीचे ५,००० आपोआप परत येतील. उशीर झाला तर बुकिंग रद्द. आम्ही तोवर अर्ध्याहून जास्त रस्ता कापला होता, वाढदिवस दुसऱ्या दिवशी, गोव्यात त्या सुट्टीत दुसरी खोली कुठून मिळणार? ४,९९९ पाठवले. त्या माणसाने माणूस कुठे अडकलाय ते बरोबर हेरून फोन केला होता. आंबोलीच्या घाटात रेंज गेली आणि सावंतवाडीला आल्यावर मेसेज दिसला: दोन्ही रकमा अडकल्यात, सोडवायला ९,९९९ भरा. तेव्हा मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो काही बोलला नाही, गाडी बाजूला घेतली आणि माझ्या फोनवरून त्या नंबरला फोन लावला. उचलला नाही.

पैसे आपल्याकडे "परत येण्यासाठी" आधी पैसे पाठवावे लागत नाहीत. कधीच नाही.

तरी आम्ही आसगावला गेलो, कारण मनात एक आशा होती. फाटकावरची बाई म्हणाली, "हांगा तुमचें बुकिंग ना." आत दुसरं कुटुंब होतं, पोरं पाण्यात खेळत होती. तिने खऱ्या मालकांना फोन लावून दिला. मालक म्हणाले, तुमच्याआधीही असे लोक आलेत, आम्ही तो नंबर बदलायला कळवलंय. त्या नकाशावर कुणीही "दुरुस्ती सुचवतो" म्हणून नंबर बदलून घेऊ शकतो, हे मला त्या फाटकापाशी कळलं. रात्री म्हापशात ३,८०० ला एक खोली मिळाली.

१९३० ला, म्हणजे ऑनलाइन फसवणूक कळवायच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला तो तिथूनच. लागायला खूप वेळ गेला, पण लागला. हा एकच नंबर लक्षात ठेवा आणि फसल्याचं कळताच, लाजेपायी एक मिनिटही न दवडता, लावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळतात, लवकर कळवलं तर वाटेत गोठवता येतात. माझे शेवटचे ४,९९९ तसे गोठले. बाकीचे गेले.

आणि मग पोलीस. तिथल्या ठाण्यात सांगितलं, पैसे पुण्याच्या खात्यातून गेले, तक्रार पुण्यात करा. पुण्यात सांगितलं, व्हिला गोव्यात, फसवणूक गोव्यात, तिकडे का नाही केली? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्याने तक्रार घ्यायची असते. १ जुलै २०२४ पासून हा कायदा लागू आहे. मी कलमाचा आकडा सांगितला तर समोरचे म्हणाले, "वकील आहात का?" नाही. करदाती आहे. माझ्यासमोर एक आजोबा बसले होते, त्यांनाही ऑनलाइन भरा म्हणून परत पाठवलं. त्यांना फोनवर धड मेसेज वाचता येत नव्हता. ते कुठे आणि काय भरणार होते?

बँकेची शाखा त्या तिन्ही दिवशी बंद. हे चोर कॅलेंडर बघूनच काम करतात. शाखा उघडल्यावर उत्तर मिळालं, पिन तुम्ही स्वतः टाकलाय, हा अनधिकृत व्यवहार नाही, बँकेची जबाबदारी नाही. लेखी मागितलं तर द्यायला तयार नाहीत. मी अर्जाची पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठले नाही, तुम्हीही उठू नका. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, पण त्यासाठी बँकेकडे तक्रार केल्याचा कागद हातात असावा लागतो.

आणि गोठलेले ४,९९९? ते माझेच आहेत हे सगळ्यांना मान्य आहे. तरी न्यायालयाचा आदेश आणा म्हणतात. चोराला माझे पैसे घ्यायला दोन मिनिटं लागली. मला माझेच परत घ्यायला अर्ज, शपथपत्र आणि तारीख.

आणखी एक गोष्ट, जिची मला पैशांपेक्षा जास्त धास्ती आहे. चेक-इनसाठी म्हणून त्याने आमच्या दोघांच्या आधारचे फोटो मागितले होते आणि मी पाठवले. मास्क केलेलं आधार काढता येतं, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. तेच द्या, तेही तिथे पोचल्यावर. गोव्यात पर्यटकांना खोली भाड्याने द्यायला पर्यटन खात्याची नोंदणी लागते, तो नोंदणी क्रमांक मागा. व्हिडिओ कॉलवर फाटक, पाटी आणि रस्ता दाखवायला सांगा. पाठवलेला व्हिडिओ चालत नाही, तो कुणाचाही उचलता येतो. आणि जमलं तर पोचल्यावरच पैसे द्या.

नंबर चुकीचा असल्याचं मी नकाशावर कळवलं, मालकांनीही कळवलं. परवा नवऱ्याच्या फोनवरून पुन्हा पाहिलं. तोच नंबर. लावला. दोन रिंगमध्ये उचलला आणि तोच आवाज म्हणाला, "येस सर, किती जण, किती नाईट?"