गॅल्व्हस्टनहून क्रूझने बेलीझ: हातात साडेसहा तास, जायचं कुठे?

आई-बाबा भारतातून आले की ह्यूस्टन-डॅलसकडच्या मराठी घरांत क्रूझचा विषय निघतोच. विमानाची दगदग नाही, गाडी गॅल्व्हस्टनला लावायची आणि आठवडाभर स्वयंपाकाची चिंता सोडायची. या पश्चिम कॅरिबियन फेरीत कोझुमेल आणि रोआतानच्या जोडीला बऱ्याचदा बेलीझ असतं. कोझुमेलला फार डोकं चालवावं लागत नाही. जहाज धक्क्याला लागतं, उतरलं की समोर बाजार आणि समुद्र. बेलीझला मात्र आधी ठरवून जावं लागतं, कारण बघण्यासारखं जे काही आहे ते बंदरापासून लांब आहे आणि एकमेकांपासूनही लांब आहे.

देश तसा छोटा. पुणे आणि रायगड जिल्हे एकत्र केले तर साधारण बेलीझएवढे होतील, आणि लोकसंख्या जेमतेम चार लाख. १९८१ पर्यंत ब्रिटिशांकडे होता, त्यामुळे कारभाराची भाषा इंग्रजी. अमेरिकन डॉलर सगळीकडे चालतो, एका डॉलरला दोन बेलीझ डॉलर असा भाव बांधलेला आहे. भाव करताना कुठला डॉलर ते तेवढं विचारून घ्यायचं.

आधी तासांचा हिशोब

बेलीझ सिटीजवळ समुद्र उथळ आहे. जहाज काही मैल आधीच नांगर टाकतं आणि तिथून टेंडर बोटीने किनाऱ्यावर जायचं. बोटीचा प्रवास पंधरा-वीस मिनिटांचा, पण रांग, चढणं, उतरणं धरून तास जातो. समजा जहाज आठ ते पाच थांबणार आहे. नऊच्या आत तुमचे पाय जमिनीला लागत नाहीत, आणि शेवटची टेंडर साधारण साडेतीन-चारला सुटते. म्हणजे कागदावरच्या नऊ तासांतले साडेसहा-सात तुमचे.

दुसरी गोम घड्याळाची. बेलीझमध्ये उन्हाळ्यासाठी घड्याळ पुढे करत नाहीत. हिवाळ्यात टेक्सासची आणि तिथली वेळ एकच असते, पण मार्च ते नोव्हेंबर बेलीझ एक तास मागे. जहाज स्वतःची वेळ पाळत असेल तर गाइडच्या मनगटावर तीन वाजलेले असताना जहाजावर चार झालेले असतात. शेवटच्या टेंडरची वेळ जहाजाच्या घड्याळाने लिहून ठेवा आणि तीच गाइडलाही सांगा.

एक खुलासा. तुमच्या कार्यक्रमात बेलीझ सिटीऐवजी हार्वेस्ट के लिहिलं असेल तर पुढचं वाचू नका. ते नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २०१६ मध्ये सुरू केलेलं बेट, देशाच्या दक्षिण भागात. इथल्या बहुतेक जागा तिथून आवाक्याबाहेर आहेत.

दोन रस्ते आणि एक समुद्र

निवड सोपी करायची तर नकाशावर दोनच रस्ते पाहा. एक उत्तरेला जातो, त्या बाजूला आल्तुन हा आणि लामानाई ही माया संस्कृतीची दोन स्थळं. दुसरा पश्चिमेला जातो, त्यावर प्राणिसंग्रहालय आणि गुहेतली नदी. तिसरा पर्याय म्हणजे गाडीत न बसता समुद्राकडेच राहायचं. एका दिवसात एकच दिशा धरा. 'आल्तुन हा आणि गुहा एकाच दिवसात' अशा सहली विकतात, वेळेत परतही आणतात, पण अर्धा दिवस व्हॅनच्या खिडकीतून दलदल बघण्यात जातो. पैसे आपण दोन जागांचे देतो आणि पाहून एकही होत नाही.

आल्तुन हा की लामानाई

सगळ्यात जास्त घोळ याच जोडीत होतो, म्हणून जरा सविस्तर.

आल्तुन हा बंदरापासून साधारण पन्नास किलोमीटर, तासाभराचा रस्ता. शेवटचा टप्पा अरुंद आणि खड्ड्यांचा, पाठीचं दुखणं असलेल्यांनी मागच्या सीटवर बसू नये. पोहोचलात की दोन मोठी हिरवी पटांगणं आणि भोवती दगडी मंदिरं. त्यातलं सर्वांत उंच सुमारे सोळा मीटरचं. बेलीकिन या स्थानिक बिअरच्या बाटलीवर याच जागेचं चित्र असतं, त्यामुळे मंदिर पाहण्याआधीच बहुतेकांनी ते पाहिलेलं असतं. १९६८ मध्ये इथल्या एका थडग्यात सूर्यदेवाचं जेडमध्ये कोरलेलं डोकं सापडलं, वजन जवळपास साडेचार किलो. माया कलेतली जेडची एवढी मोठी कोरीव वस्तू क्वचितच सापडली आहे. ती आता तिथे ठेवलेली नाही, पण गाइड गोष्ट रंगवून सांगतात.

पाऊण तास ते तासाभरात सगळं बघून होतं. जमीन सपाट आहे. ज्यांना मंदिरावर चढायचं नाही त्यांना खालूनही सगळं दिसतं. एकच त्रास, उन्हाचा. पटांगणात सावली नाही म्हटलं तरी चालेल, आणि बाबांना टोपी घाला म्हटलं की ते 'मला सवय आहे' म्हणणार. टोपी तुम्हीच पिशवीत टाका.

लामानाईची गोष्टच वेगळी आहे. आधी सव्वा तास रस्ता, मग न्यू रिव्हरवरून मोटरबोटीने आणखी तासभर. ही नदीच निम्मी सहल आहे. बोट वळणावळणाने जाते, नावाडी मध्येच इंजिन बंद करतो आणि झाडाच्या खोडाकडे बोट दाखवतो. आधी काहीच दिसत नाही. मग सालीसारख्याच रंगाची चिमुकली वटवाघळं एका उभ्या ओळीत चिकटलेली दिसायला लागतात. वाटेत मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची वस्ती लागते. हे १९५८ पासून बेलीझमध्ये येऊन वसलेले शेतकरी, अजूनही बरेचजण घोडागाडी वापरतात. ऑरेंज वॉकचा हा सगळा भाग उसाचा. हंगामात साखर कारखान्याच्या दिशेने ट्रकची रांग आणि हवेत मळीचा वास. कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला डोळे मिटले तर शिरोळच्या फाट्यावर उभं असल्यासारखं वाटावं.

लामानाई म्हणजे तलावाच्या काठी दाट जंगलातलं शहर. सर्वांत उंच मंदिर तेहतीस मीटरचं, आल्तुन हाच्या दुप्पट. दुसऱ्या एका मंदिराच्या भिंतीवर माणसाहून दुपटीने उंच असा दगडी चेहरा आहे, त्याच्या डोक्यावर मगरीचा मुकुट. इथे तीन हजार वर्षं वस्ती होती आणि स्पॅनिश लोक आले तेव्हाही ती चालू होती, त्यामुळे माया मंदिरांपासून थोड्या अंतरावर सोळाव्या शतकातल्या चर्चचे अवशेषही आहेत. वर झाडांत हाउलर माकडं असतात. पहिल्यांदा त्यांची डरकाळी ऐकणाऱ्याला जवळच कुठेतरी जॅग्वार आहे असंच वाटतं.

बघण्यासारखं कोणतं, असं विचाराल तर लामानाई, त्यात मला शंका नाही. पण हिशोब मांडा. येऊन-जाऊन साडेचार तास, तिथे दीड तास, जेवण, आणि मध्ये कुणाला तरी स्वच्छतागृहाला जायचं असणार. साडेसहा तास तिथेच संपले. जहाज लवकर आलं, उशिरा सुटणार आहे आणि बरोबर पन्नाशीच्या आतली, चालती मंडळी आहेत तरच जा. आणि लामानाई घेतलंत तर जहाजाचीच सहल घ्या. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. खासगी गाइडबरोबर असाल तर ते तुमच्यासाठी थांबणार नाही.

आई-बाबा सत्तरीच्या पुढचे असतील, बाळ असेल, किंवा जहाज दुपारीच निघणार असेल तर आल्तुन हा. खासगी व्हॅन केली तरी धोका कमी, कारण अंतर कमी आहे. परवाना असलेलाच गाइड घ्या. तिथे गाइडला पर्यटन मंडळाकडून परवाना घ्यावाच लागतो आणि तो दाखवायला सांगितलं तर कुणाला राग येत नाही.

मेक्सिकोत चिचेन इत्झाच्या पिरॅमिडवर चढायला बंदी आहे. ते पाहून हिरमुसलेल्यांसाठी: बेलीझमध्ये बऱ्याच ठिकाणी अजून चढू देतात.

शुनानतुनिच हे तिसरं नावही यादीत दिसेल. ग्वाटेमालाच्या सीमेला लागून, चाळीस मीटरचं देखणं मंदिर. पण एका बाजूचा प्रवासच दोन तासांचा. बेलीझला विमानाने जाऊन राहणार असाल तेव्हा पाहा, क्रूझच्या दिवशी नको.

पश्चिमेचा रस्ता: गुहा की प्राणी

घरात कॉलेजवयीन मुलं असतील तर हा प्रश्न तुम्हाला सोडवावाच लागणार नाही, त्यांनी आधीच गुहेचे व्हिडिओ पाहिलेले असतात. टायरच्या ट्यूबवर बसून नदी तुम्हाला चुनखडीच्या गुहांतून वाहत नेते. डोक्यावर हेल्मेट आणि दिवा. मध्येच गाइड सगळ्यांना दिवे बंद करायला सांगतो आणि स्वतःचा हातही दिसेनासा होतो. माया लोकांसाठी गुहा म्हणजे पाताळाचं दार, आणि त्या अंधारात ते लगेच पटतं.

पोहता येत नाही म्हणून घाबरू नका. लाइफ जॅकेट असतं, ट्यूब एकमेकांना बांधतात, गाइड पाण्यात उतरून ओढतो. खरी परीक्षा पाण्यात नसून आधीच्या चालण्यात आहे. ट्यूब हातात घेऊन अर्धा-पाऊण तास जंगलातली वाट, त्यात खडक आणि नदी ओलांडणं. गुडघे दुखणाऱ्यांनी यात पडू नये. चप्पल नको, पाण्यात चालतील असे बूट हवेत. पावसाळा साधारण जून ते नोव्हेंबर. त्या दिवसांत पाणी चढलं की गुहा बंद करतात, अगदी त्या दिवशी सकाळीसुद्धा.

याच रस्त्यावर गुहेच्या अलीकडे बेलीझ झू आहे आणि तो मला सगळ्यांत कमी लेखलेला पर्याय वाटतो. १९८३ मध्ये शॅरन माटोला यांनी सुरू केला, तोही एका वन्यजीव माहितीपटाचं चित्रीकरण संपल्यावर उरलेल्या प्राण्यांचं काय करायचं म्हणून. परदेशी सिंह-हत्ती नाहीत. जे आहेत ते इथल्याच जंगलातले, त्यांतले बरेच वाचवून आणलेले: जॅग्वार, टॅपिर हा इथला राष्ट्रीय प्राणी, टूकान हा राष्ट्रीय पक्षी, हार्पी गरुड. वाटा सपाट आणि झाडांच्या सावलीतल्या. पिंजऱ्यांपुढे हाताने रंगवलेल्या पाट्या, त्यावर प्राणी स्वतःच यमकात बोलतो. नातवंडं पाट्या वाचतात, आजी-आजोबा बाकावर बसतात. दुपारी प्राणी झोपतात, म्हणून सकाळी आधी झू. तरुण मंडळी गुहेत आणि बाकीचे झूमध्ये, अशी घराची विभागणी करून एकच व्हॅन ठरवणं हा माझ्या मते बेलीझमधला सर्वांत शहाणपणाचा दिवस आहे. रस्ता एकच असल्याने ते जमतं.

समुद्र

बेलीझची प्रवाळरांग सुमारे ३०० किलोमीटर लांब, १९९६ पासून जागतिक वारसा. स्नॉर्कलिंगची आवड असेल तर गॉफ्स के हे वाळूचं टीचभर बेट चांगलं. अर्ध्या दिवसात होतं, प्रवाळ किनाऱ्यापासून जवळ. पण बेट म्हणजे खरंच टीचभर. सावली थोडी, बसायला जागा थोडी. ज्यांना पाण्यात उतरायचंच नाही त्यांना तासाभरात कंटाळा येईल.

के कॉकर हे त्याहून मोठं, वस्तीचं बेट. वॉटर टॅक्सीने पाऊण तास. मोटारी नाहीत, वाळूचे रस्ते, सायकली आणि गोल्फ कार्ट. निवांत फिरायला, मासे खायला मस्त. मात्र टेंडर धरून दिवसात चार वेळा बोटीत चढ-उतार होते, बोट लागणाऱ्यांनी विचार करावा. आणि परतीची वॉटर टॅक्सी चुकली तर पुढचं सगळं चुकतं. वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत समुद्री शेवाळ किनाऱ्याला लागतं, तेव्हा फोटोत दिसतं तसं पाणी दिसेलच असं नाही.

ग्रेट ब्लू होल या समुद्रातल्या खोल, गोल विवराबद्दल सगळे विचारतात. बोटीने क्रूझच्या वेळात होत नाही. छोट्या विमानातून घिरटी मारून आणतात, महाग पडतं. तीनशे मीटर रुंदीचं ते निळं वर्तुळ वरूनच वर्तुळ दिसतं, त्यामुळे खिसा परवानगी देत असेल तर विमानच बरं.

जेवण आणि कागद

शाकाहारींनी एक लक्षात ठेवा. इथला रोजचा भात, राइस अँड बीन्स, नारळाच्या दुधात शिजवतात आणि दिसतो अगदी निरागस. पण पारंपरिक पद्धतीत त्यात डुकराच्या शेपटीचे खारवलेले तुकडे घालतात. 'मांस नाही ना?' एवढं विचारून भागत नाही, 'पिगटेल घातलंय का?' असंच विचारा. घातलं नसेल तर गाजर आणि हाबानेरो मिरचीचा स्थानिक सॉस ओतून खा, तिखटाची हौस भागेल.

कागदांचं काम बुकिंगच्या आधी. आई-बाबांचा अमेरिकन व्हिसा मल्टिपल एंट्रीच हवा, नाहीतर परत येताना अडचण. एच-वन-बीवर असाल आणि पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय पैसे भरू नका. व्हिसा संपला तरी कॅनडा-मेक्सिकोच्या छोट्या फेरीनंतर परत येऊ देणारी सवलत बेलीझला लागू नाही. भारतीय पासपोर्टवर बेलीझला उतरायचे नियम क्रूझ कंपनीकडून लेखी घ्या.

गुहा किंवा स्नॉर्कलिंग खासगीत ठरवत असाल तर दोन प्रश्न आधीच ईमेलवर विचारा: पाणी चढून बंद झालं तर पैसे परत की दुसरी सहल, आणि जहाजाने बेलीझचा थांबाच रद्द केला तर काय. वारा जोराचा असला की टेंडर चालत नाहीत आणि जहाज न थांबता पुढे जातं. असं होतं तेव्हा जहाजाच्या सहलीचे पैसे आपोआप परत येतात, खासगीवाल्याचे त्या ईमेलच्या उत्तरावर.