मोडलेल्या तळहाताच्या हाडाला थर्मोप्लास्टिक स्प्लिंट: काही महिन्यांच्या वापरानंतर

करंगळीच्या मागचं तळहाताचं हाड मोडलं की निपाणी-खानापूरकडून येणाऱ्या बहुतेकांना एकच धास्ती असते, आता तार घालणार. हाड फारसं सरकलेलं नसेल तर तारेची गरज नाही, स्प्लिंट पुरते, म्हणजे हाताच्या आकारात वळवलेला कडक प्लास्टिकचा आधार. पण ती कोणत्या कोनात बसवली यावर सगळं अवलंबून आहे.

थर्मोप्लास्टिकची, म्हणजे गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लास्टिकची शीट ३.२ मिमीची. ६५-७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात मिनिटभरात मऊ होते. उकळत्या पाण्यात टाकलीत तर नको तितकी ताणते आणि बोटांचे ठसे उमटतात. टॉवेलवर टिपून, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा, मगच पेशंटच्या हाताला. मनगट २०-३० अंश मागे, बोटांच्या मुळाचे सांधे ७०-९० अंश वाकवलेले, पुढची पेरं सरळ. मुळाचा सांधा सरळ ठेवला तर त्याचे बाजूचे बंध सैल राहून आखडतात. हाड जुळतं, मूठ मात्र वळत नाही. बोटं सरळ ताणून बांधलेल्या घट्ट पट्ट्यांमागचं दुखणं हेच असतं.

बहुतेक चुका शीट गार होताना होतात. दुखतं म्हणून पेशंट हळूच बोटं सरळ करतो आणि ७० अंशांचे ४० उरतात. म्हणून कडक होईपर्यंत हात सोडायचा नाही आणि नंतर कोन मोजायचाच.

स्प्लिंट घालण्याआधी पेशंटला जमेल तेवढी मूठ वळवायला सांगा. एक बोट दुसऱ्यावर चढत असेल तर हाड पिळलंय, ते स्प्लिंटने सुटत नाही, सर्जनकडेच पाठवा. उघडी जखम किंवा सांध्यातलं सरकलेलं हाड असेल तरीही तेच. नुसता बाक असेल तर करंगळीच्या मागे हाडाच्या गळ्याजवळ (बोटाकडच्या टोकाखालच्या अरुंद भागात) साधारण ४० अंशांपर्यंत चालतो, कारण तिथला मनगटाकडचा सांधा हलतो. तर्जनी-मधल्या बोटामागे तो जवळपास हलत नाही, म्हणून १०-१५ अंशांच्या वर चालत नाही.

आठवड्याभरात सूज उतरते आणि स्प्लिंट सैल पडते. तेव्हा एक्स-रे पुन्हा काढून ती नव्याने वळवून घ्यायची. हे टाळलं तर हाड सरकू शकतं आणि कुणाला कळतही नाही. बोटं निळी-बधिर पडली किंवा ठणका वाढला तर सकाळची वाट न पाहता पट्टे सोडा आणि दवाखाना गाठा.

आपल्याकडचे दोन त्रास. उन्हात उभ्या गाडीत ठेवलेली स्प्लिंट वाकडी होते. खानापूरच्या पावसाळ्यात आतला सुती मोजा ओला राहून कातडी पांढरी पडते; दोन मोजे ठेवून रोज बदला. ऊसतोडीचा पाचोळा वेल्क्रोत अडकला तर जुन्या टूथब्रशने काढा.

साधारण ३-४ आठवड्यांनी हाड दाबल्यावर दुखत नसेल तर स्प्लिंट काढतात. एक्स-रेत रेघ तेव्हाही दिसते, त्याला घाबरून अजून महिनाभर बांधून ठेवू नका. पुढे शेजारच्या बोटाला सैल पट्टी, मध्ये थोडा कापूस, आणि कोयता किंवा फाउंड्रीतलं जड काम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.