८३ ऐवजी ६७ : जुनी स्पोर्ट एटीव्ही घेताना झालेली फसवणूक

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी एकोणीस वर्षे तपासणी विभागात काम करतो. सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, मिलिमीटरच्या दोन शतांशाने जास्त भरला, तरी तो लॉट मी परत पाठवतो. अशा माणसाने बोअरमध्ये तब्बल १६ मिलिमीटरचा फरक असलेले इंजिन १ लाख ४० हजार रुपये मोजून घरी आणले, हे लिहिताना संकोच वाटतो. परंतु ओळखीतले दोघे-तिघे सध्या अशाच गाडीच्या शोधात आहेत, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

खुलताबाद तालुक्यात आमचा चार एकरांचा मुरमाड माळ आहे. तिथे कुसळांखेरीज काही उगवत नाही, त्यामुळे माझी आणि मुलाची हौस भागवण्यासाठी एक जुनी स्पोर्ट एटीव्ही, म्हणजे माळरानावर पळवायची हँडलची चारचाकी, घ्यावी आणि ती हळूहळू सुधारावी, असे ठरले. एकूण दोन लाखांचे गणित होते : दीड लाखात गाडी आणि उरलेल्या पन्नास हजारांत दुरुस्ती, टायर, सायलेन्सर. जालना रस्त्यावरील एका शेडमध्ये 'यामाहा रॅप्टर ३५०, २००८ मॉडेल' असल्याचे कळले आणि एका रविवारी चुलतभावाला घेऊन मी तिथे पोहोचलो.

गाडी लाल, चकचकीत, तिच्यावर 'यामाहा रॅप्टर'चे दोन स्टिकर. चासीला नुकताच रंग दिलेला होता. थिनरचा वास अजून येत होता. इंजिनाला हात लावला तर ते चांगलेच कोमट लागले. "आत्ताच पोरानं एक चक्कर मारली, साहेब," असे विक्रेता म्हणाला आणि मी मान डोलावली. वास्तविक जुने इंजिन पूर्ण थंड असतानाच सुरू करून पाहायचे असते. व्हॉल्व्हची सील गेली असतील तर पहिल्या काही क्षणांत निळा धूर निघतो, टॅपेटचा आवाज स्पष्ट येतो, कार्ब्युरेटर कुरकुरतो. इंजिन आधीच तापवून ठेवले की यातले बरेचसे झाकले जाते. आत जाड ऑईल भरलेले असेल तर उरलेला आवाजही दबतो. हे सगळे मला त्या दिवशीही माहीत होते.

मग मी पुढचे चाक धरून हलवले आणि स्टिअरिंगच्या टाय रॉडचा एक सांधा स्पष्टपणे ढिला लागला. मी तो दोष विजयी मुद्रेने दाखवला, विक्रेत्याने कपाळावर हात मारला, आणि १ लाख ८५ हजारांची किंमत पाऊण तासाच्या घासाघिशीनंतर १ लाख ४० हजारांवर आली. तो सांधा मला सापडावा म्हणूनच तसाच ठेवला होता, असे आज माझे ठाम मत आहे. गिऱ्हाईकाला एक चूक पकडल्याचे समाधान मिळाले की ते दुसरी शोधत नाही. चाचणीसाठी मिळालेली मोकळी जागा अर्ध्या एकराहून कमी होती, त्यामुळे तिसऱ्या गिअरच्या पुढे जाण्याची वेळच आली नाही. रॅप्टर ३५० ला सहा गिअर असतात. मी ते मोजले नाहीत.

कागदपत्रांचा प्रकार आणखी सोपा होता. अशा बहुतेक एटीव्हींची आरटीओत नोंद नसते, त्या रस्त्यावर चालवता येत नाहीत. म्हणजे आरसी बुक नाही आणि ऑनलाइन पडताळणीची सोयही नाही. गाडीची ओळख उरते ती चासीवरच्या क्रमांकात आणि आयातीच्या कागदात. आयातीची म्हणून जी झेरॉक्स दाखवली, तिच्यावरचा क्रमांक वाचता येत नव्हता, आणि चासीवरचा क्रमांक रंगाखाली गेला होता. चाळीस हजार यूपीआयने आणि एक लाख रोख देऊन मी साध्या कागदावर पावती घेतली.

दुरुस्तीसाठी मिस्त्री विक्रेत्यानेच सुचवला, आणि ही माझी दुसरी चूक. त्याने टाय रॉडचे सांधे, मागच्या अ‍ॅक्सलचे बेअरिंग, चेन-स्प्रॉकेट आणि मागचे २०×१०-९ मापाचे टायर बदलले. 'इंजिन काम' म्हणून बिलात ओळ होती : '८३ एमएम पिस्टन किट, इम्पोर्टेड, १६,५००'. त्याखेरीज माझ्या हौसेखातर खुला सायलेन्सर बसवला आणि हवा जास्त मिळावी म्हणून एअर बॉक्सचे झाकण काढून टाकले. हवा वाढवली की कार्ब्युरेटरचा मेन जेटही (पेट्रोल सोडणारे छिद्र) मोठा घालावा लागतो, नाहीतर पेट्रोल कमी पडून इंजिन भाजते. जेट त्याने बदलला नाही आणि मी विचारले नाही. एकूण बिल ५८ हजार.

माळावरच्या चौथ्या फेरीला गाडी चढावर जाम झाली. प्लग काढला तर टोक पांढरेफटक, म्हणजे पेट्रोल कमी पडल्याची खूण. पुढच्या सुट्टीला मी आणि कारखान्यातील एका सहकाऱ्याने घरच्या ओट्यावर हेड उघडले. पिस्टनवर उभे ओरखडे होते, ते अपेक्षितच होते. सवयीने मी बोअर मोजायला व्हर्निअर लावला. ६७. पुसून पुन्हा लावला. ६७. रॅप्टर ३५० चा बोअर ८३ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ६४.५, म्हणजे साधारण ३४९ सीसी. मिस्त्रीच्या बिलातला पिस्टन या सिलिंडरच्या तोंडावरसुद्धा बसला नसता. शिवाय आतला पिस्टन जुनाच, घासून पुसून परत घातलेला.

सहकाऱ्याने क्रँककेस, म्हणजे इंजिनाचे खालचे कवच, रॉकेलच्या फडक्याने पुसली, तेव्हा चंदेरी रंगाखालून उठावाची अक्षरे वर आली : १६७एफएमएम. हा चिनी इंजिनांचा सांकेतिक क्रमांक आहे. पहिला १ म्हणजे एक सिलिंडर, ६७ म्हणजे बोअर, एफ म्हणजे हवेने थंड होणारे. ६५ मिलिमीटरच्या स्ट्रोकसह ते भरते २२९ सीसी, आणि ते २५० म्हणून विकले जाते. माप माझ्या गुडघ्याइतक्या उंचीवर छापलेले होते. चासीवरचा रंग खरवडल्यावर सतरा अक्षरी क्रमांकाचे पहिले अक्षर निघाले एल, म्हणजे चीन. जपानी बनावटीला ते जे असते. दहावे अक्षर उत्पादनाच्या वर्षाचे, ते एफ, म्हणजे २०१५. वयाने तेवढी गाडी सांगितल्यापेक्षा तरुण निघाली.

विक्रेत्याकडे गेलो तेव्हा त्याने चहा मागवला. "साहेब, यामाहा आहे असं मी लिहून दिलं का? स्टिकर तुम्ही वाचलं." पावती काढून पाहिली, तिच्यावर 'जुनी एटीव्ही, लाल रंग, जशी आहे तशी' एवढेच होते. फोनवर त्याने रॅप्टर म्हटले होते, पण एकही संदेश लेखी नव्हता. पोलीस ठाण्यात तक्रार अर्ज दिला आहे. फसवणुकीसाठी आता भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागते, मात्र माझ्याकडे पुरावा म्हणून आहे तो फक्त चाळीस हजारांचा यूपीआय व्यवहार आणि मिस्त्रीचे ते ८३ चे बिल. रोख दिलेल्या एक लाखाचा उल्लेख पावतीवर आकड्यातही नाही.

जो कोणी घ्यायला निघाला असेल, त्याने खिशात पॉलिश पेपरचा तुकडा आणि एक फडके ठेवावे, आणि चासीचा व इंजिनाचा क्रमांक उघडा करून द्यायला विक्रेता नकार देत असेल तर चहा न घेता परत यावे. पावतीवर कंपनी, मॉडेल, वर्ष आणि दोन्ही क्रमांक लिहून घ्यावेत. मागची बाजू जॅकवर उचलून चाक फिरवावे. अ‍ॅक्सल वाकलेला असेल तर चाक डोलते. पुढच्या ए-आर्मच्या (चाक चासीला जोडणाऱ्या दांड्यांच्या) जोडांवर ताजा रंग असेल तर त्याखाली वेल्डिंग असण्याची शक्यता धरावी. मिस्त्री स्वतःचा न्यावा, आणि इंजिन उघडून मोजेपर्यंत सायलेन्सर-टायरवर एक रुपयाही घालू नये.

गाडी दुरुस्त झाली आहे. चिनी इंजिनाचा पिस्टन, रिंगा आणि गॅस्केट मिळून मिस्त्रीच्या बिलाच्या सातव्या हिश्श्यात काम झाले, एअर बॉक्सचे झाकण परत बसवले आणि ती आता माळावर बरी पळते. गेल्या महिन्यात बीडहून एका तरुणाचा फोन आला. "दादा, तुमची रॅप्टर विकायची आहे का?" मी त्याला क्रँककेसवरच्या अक्षरांचा फोटो पाठवला. त्याचा परत फोन आला नाही, आणि दोन्ही स्टिकर मी त्याच संध्याकाळी गरम पाण्याने सोडवून काढले.