नळीत अडकलेला ब्रश, एकसंध रॉड आणि पितळी सळया: आठ महिन्यांच्या वापरानंतर

रायफलीची नळी साफ करण्याच्या एका संचाचा जून ते जानेवारी असा हा वापर आहे. नाशिकचा पावसाळा आणि जानेवारीतली थंडी, दोन्ही त्यात आली. रायफली दोन प्रकारच्या: .२२ च्या बोल्ट-ॲक्शन टार्गेट रायफली आणि १० मीटरच्या ४.५ मिमी एअर रायफली. संचात आहेत एक कोटिंगवाला एकसंध स्टील रॉड (३६ इंच, पुढे ८-३२ चे आतले आटे), बोल्टच्या जागी बसून रॉड सरळ ठेवणारा बोअर गाइड, पितळी जॅग (चिंधी धरणारं रॉडचं टोक), फॉस्फर ब्राँझचे ब्रश आणि अडकलेलं ठोकून बाहेर काढण्यासाठी सातपूरच्या एका लेथवर करून घेतलेल्या पितळी सळया. शेवटची वस्तू साफसफाईच्या संचाच्या डब्यात सहसा मिळत नाही, आणि संचातली सगळ्यात कामाची तीच ठरली.

आधी निकाल सांगतो. एकसंध रॉड घ्या, पैसे वसूल होतात. तीन तुकड्यांचा ॲल्युमिनियमचा किंवा पितळी रॉड फुकट मिळाला तरी .२२ मध्ये घालू नका. बोअर गाइडशिवाय रॉड वापरणार असाल तर रॉडवरचा खर्च निम्मा वाया गेला म्हणून समजा. आणि पितळी सळया आजच करून ठेवा, कारण ब्रश अडकतो तो नेमका शनिवारी संध्याकाळी, जेव्हा सगळी वर्कशॉप बंद असतात.

नळीत काहीतरी अडकतं त्यामागची कारणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. पहिलं कारण चिंधी. .२२ च्या नळीचा व्यास आतल्या पिळलेल्या खाचांमधल्या उंचवट्यांवर साधारण ५.५ मिमी. तिच्यासाठी पातळ फ्लॅनेलचा २२ ते २५ मिमीचा चौकोन पुरतो. मेन रोडवरून मीटरभर फ्लॅनेल आणलं की ते वर्षभर जातं, पण ते धुऊन, वाळवून मगच कापायचं. नव्या कापडाची खळ आणि जाडी दोन्ही फसवतात. फौजेतून किंवा एनसीसीतून आलेल्या हातांना 'फोर बाय टू'ची सवय असते. ती ४ इंच बाय २ इंचाची चिंधी .३०३ रायफलीच्या मोठ्या नळीसाठी होती. तेच माप .२२ मध्ये कोंबलं की रॉड अर्ध्यात थांबतो. साधी कसोटी अशी: रॉड एका तळहाताच्या दाबाने, न थबकता सरकला पाहिजे. दुसरा हात लावावासा वाटला की तिथेच थांबायचं, बाहेर काढायचं आणि चौकोन दोन मिमीने लहान करायचा. शिवाय स्पर्धेच्या बऱ्याच नळ्या मझलकडच्या, म्हणजे पुढच्या तोंडाकडच्या, शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये किंचित आवळलेल्या असतात. चेंबरपाशी, म्हणजे काडतूस बसतं तिथे, सैल वाटलेली चिंधी तिथे जाऊन रुतते.

दुसरं कारण, ब्रश नळीच्या मध्यात उलटा फिरवणं. ब्रश आत शिरताना त्याचे तार मागे झुकतात. मध्येच दिशा बदलली की ते ताठ उभे राहून भिंतीला टेकतात आणि पाचरीसारखे बसतात. ब्रश पूर्ण बाहेर गेल्याशिवाय परत ओढायचा नाही, एवढंच पथ्य.

तिसरं कारण आट्यांचं, आणि ते सहसा कुणी सांगत नाही. अमेरिकी पद्धतीच्या रॉडला ८-३२ आटे असतात: व्यास ४.१७ मिमी, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.७९ मिमी. युरोपीय सामानात बरेचदा एम-४ असतं: व्यास ४ मिमी, पिच ०.७ मिमी. एम-४ चा ब्रश ८-३२ च्या रॉडमध्ये दोन-तीन फेरे जातो, थोडा डुलतो, पण बसल्यासारखा वाटतो. नळीत ताण आला की पितळी आटे सोलले जातात, रॉड हातात येतो आणि ब्रश आत राहतो. म्हणून सगळे जॅग आणि ब्रश एकाच आट्यांचे घ्या, दुसऱ्या आट्यांचे घरातून काढून टाका. 'चालतंय' म्हणून ठेवलेला एक ब्रश पुरेसा असतो.

चौथं कारण यातूनच निघतं. उजव्या पिळाच्या नळीत चेंबरकडून ढकलताना ब्रश, मागून पाहिलं तर, घड्याळाच्या दिशेने फिरतो. मूठ बेअरिंगवर मोकळी फिरत असेल तर अख्खा रॉड त्याच्यासोबत फिरतो. बेअरिंग जाम असेल तर मूठ जागेवर राहते आणि ब्रश स्वतःला आट्यातून सोडवत जातो. तीन तुकड्यांच्या रॉडचे सांधेही असेच सुटतात. तेव्हा अडकलेला रॉड सोडवताना तो पिळायचाच असेल तर मुठीच्या बाजूने पाहत घड्याळाच्या दिशेनेच पिळायचा. तसा आटा आवळतो. उलट पिळला की रॉड बाहेर आणि ब्रश आत.

पाचवं, दोरीचे बोअर क्लीनर. सोयीचे आहेत, झटपट काम होतं. पण दोरी मझलच्या कडेवर तिरकी ओढली की तिथेच झिजते, आणि तुटते ती नळीच्या आत. एकदा दोरीचे धागे बाहेर दिसायला लागले की ती कात्रीने कापून फेकावी, म्हणजे पुन्हा कुणी वापरणार नाही. जुन्या फौजी पुल-थ्रूच्या, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीच्या, तीन फासांपैकी एक फास केवळ अडकलेलं ओढून काढण्यासाठी दिलेला असायचा. आजच्या दोरीला ती सोय नाही.

आता अडकलं तर काय करायचं ते.

मॅगझिन बाहेर, चेंबर रिकामं असल्याची डोळ्याने आणि बोटाने खात्री, बोल्ट काढून बाजूला. एअर रायफल असेल तर हवेचा सिलिंडर उतरवून ठेवायचा. मग मोजमाप. मझलकडून सळई टेकेपर्यंत घालून तिच्यावर चिकटपट्टीची खूण करायची, तसंच चेंबरकडून. दोन्ही लांब्यांची बेरीज नळीच्या लांबीतून वजा केली की अडकलेली वस्तू किती लांब आहे आणि कुठे आहे हे कळतं. याला दोन मिनिटं लागतात आणि पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात.

गोळी झाडून अडथळा उडवायचा विचारही करू नये. .२२ चं काडतूस लहान दिसतं, पण त्याचा कमाल दाब २४,००० पीएसआयपर्यंत (पौंड प्रति चौरस इंच) असतो. पुढे अडथळा असताना गोळी त्याच्यावर आदळली की नळीला त्या जागी आतून फुगवटा येतो. काही वेळा तो बाहेरून दिसतही नाही, पण नळी गेलेली असते. नशीब वाईट असेल तर फाटते. ड्रिल, गॅसची ज्योत, लाकडी काठी हेही नकोच. काठी तिरकी चिरते, तिची ढलपी पाचर होऊन बसते आणि मग अडकलेल्या वस्तू दोन होतात.

तेल घालताना नळी अशी उभी करा की तेल ॲक्शनकडे, म्हणजे बोल्ट आणि घोड्याच्या यंत्रणेकडे, न उतरता अडथळ्यापाशी थांबेल. पेनिट्रेटिंग तेलाचे पाच-सहा थेंब, मग रात्रभर थांबायचं. कापडाला तेल मिळालं की ते घसरतं. घाई करून सुक्या चिंधीवर ठोकलं तर ती आणखी घट्ट दबते. रॉकेल मुरतं चांगलं, पण उडून गेल्यावर मागे संरक्षण ठेवत नाही. पावसाळ्यात सकाळपर्यंत नळीत तांबूस छटा दिसते. ब्राँझ विरघळवायला अमोनियाचं सॉल्व्हंट ओतण्याची युक्ती सांगितली जाते. त्याने तार खाल्ले जातात, पण मधला पिळलेला दांडा तसाच राहतो, आणि तासन्‌तास ते सॉल्व्हंट नळीत ठेवणं नळीला बरं नाही. एअर रायफलीत यातलं काहीही घालू नये: स्प्रिंगच्या रायफलीत तेलाचा भडका उडतो, हवेच्या सिलिंडरवाल्यांत सील खराब होतात. तिथे अडकतात त्या साफसफाईच्या फेल्टच्या गोळ्या, आणि त्या ४ मिमीच्या सळईने कोरड्याच सरकतात.

दिशा कोणती? चिंधी आली त्याच वाटेने परत, कारण तो रस्ता मोकळा आहे हे माहीत आहे. ब्रश मात्र गेला त्याच दिशेने पुढे, कारण तार मागे झुकलेले आहेत. तुटलेल्या दोरीला ढकलायचं नाही. ढकललेली दोरी गोळा होऊन फुगते. रॉडच्या टोकाला स्क्रूसारखं मळसूत्र, म्हणजे 'वर्म' लावून ते दोरीत रुतवायचं आणि सरळ ओढायचं.

आता सळया. .२२ साठी ५ मिमीची पितळी सळई लागते, एअर रायफलीसाठी ४ मिमीची. ७५ सेंमी लांबीच्या एका ५ मिमी सळईचं वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरतं. टर्नरला दोन गोष्टी बजावून सांगाव्या लागतात: दोन्ही टोकं काटकोनात फेस कर (सपाट कापून घे), आणि कडा हलक्या मोडून बर (कापल्यावर राहिलेली धारदार कड) काढ. टोकाला कोन दिलात तर ती चिंधीत घुसते. एकच लांब सळई न करता ३०, ५० आणि ७५ सेंमी अशा तीन करा. कारण सरळ आहे: नळीबाहेर मोकळी राहिलेली सळई जितकी लांब, तितकी ती लवकर वाकते, आणि ते प्रमाण वर्गाचं असतं. ३० सेंमीऐवजी १० सेंमी बाहेर असेल तर ती नऊपट ताण सोसते. अडथळा जिथे असेल त्याला जुळणारी सळई घ्यायची, बाहेर वितीएवढीच ठेवायची. सळईवर दर दहा-बारा सेंमीवर चिकटपट्टीचा एक वेढा दिला की ती नळीच्या मधोमध राहते. मझलकडून घालायची असेल तर क्राउनला, म्हणजे मझलच्या कडेला, टेकणारी नायलॉनची बुश हवीच. तिला ५ मिमीचं भोक टर्नर तिथल्या तिथे पाडून देतो. क्राउनवर नखाएवढा ओरखडा पडला तरी लक्ष्यावरचा गोळ्यांचा गट पसरतो.

ठोका नायलॉनच्या किंवा पितळी हातोडीने द्यायचा, दोन-अडीचशे ग्रॅमच्या. हलके, पुष्कळ ठोके. सुरुवातीला काही हलत नाही. आवाज भरीव येतो. वस्तू सुटली की आवाज बदलतो आणि चिकटपट्टीची खूण मिलिमीटरने आत जाते. वीस-पंचवीस ठोक्यांत खूण जागची हलली नाही तर पुन्हा तेल आणि आणखी एक रात्र. एवढ्यानेही हललं नाही तर परवानाधारक गनस्मिथ.

याच जागी एक गोष्ट ठासून सांगायला हवी. सातपूर किंवा अंबडच्या वर्कशॉपमध्ये फक्त सळई न्यायची, रायफल नाही. परवाना नसलेल्या माणसाच्या ताब्यात .२२ ची रायफल देणं शस्त्र कायदा, १९५९ खाली गुन्हा आहे, मग टर्नर कितीही ओळखीचा असो. अडकलेल्या वस्तूचं माप कागदावर लिहून न्या, तेवढ्यावर तो सळई करून देतो.

वस्तू बाहेर आली की नळी उजेडाकडे धरून बघावी. मोबाइलला जोडायचे एंडोस्कोप बहुतेक ५.५ मिमीचे असतात. ते .२२ मध्ये शिरत नाहीत, ३.९ मिमीचाच मागावा. मग घट्ट बसणारी एक चिंधी हळू ढकलून बघायची. मध्येच कुठे अचानक सैल वाटलं आणि पुढे पुन्हा घट्ट, तर तिथे फुगवटा आहे. त्या रायफलीतून गोळी न झाडता ती दाखवायला न्यायची.

आठ महिन्यांत संचाचं काय झालं? रॉडचं कोटिंग मुठीपासून एका वितीवर घासलं गेलं, म्हणजे बोअर गाइडच्या मागच्या तोंडाशी. चूक रॉडची नाही: गाइडचं तोंड आणि हात एका रेषेत नसले की असं होतं. कोटिंगमध्ये कणही रुततात, म्हणून प्रत्येक फेरीनंतर रॉड पुसणं भाग आहे. हे केलं नाही तर कोटिंगचा फायदा उलटतो, रॉड पॉलिश पेपरसारखा वागू लागतो. बेअरिंग पावसाळ्याच्या अखेरीस जड झालं. मूठ खाली धरून साफ करताना सॉल्व्हंट आणि शिशाची काळी कीट तिच्यात उतरते. एक थेंब पातळ तेल टाकून फिरवल्यावर ते मोकळं झालं. आता ते दर महिन्याला तपासलं जातं, आणि कसोटी सोपी आहे: मूठ बोटांत धरून रॉडला टिचकी मारली तर त्याने दोन-तीन फेरे घेतले पाहिजेत. गाइडची रबरी रिंग सॉल्व्हंटने फुगली, बदलावी लागली; जादा रिंग संचासोबतच मागवा. ब्राँझचे ब्रश झिजतात, तो त्यांचा धर्मच आहे. ब्रश सैल सरकू लागला की नवीन लावायचा, नायलॉनचा पर्याय .२२ च्या शिशासाठी कमी पडतो.

सळयांना मात्र काही झालेलं नाही. टोकं ठोक्यांनी किंचित पसरतात आणि ५ मिमीची सळई नळीत जड जाऊ लागते. कानसीने कड मोडली की पुन्हा सुरळीत जाते. रॉड आडवा टेकवून ठेवला तर वाकतो, म्हणून पीव्हीसी पाइपमध्ये उभा ठेवावा. सळया त्याच पाइपमध्ये, तेलाचा हात फिरवून, आणि पाइपवर मार्करने नळीची लांबी लिहून ठेवलेली असली की मोजमापाचे पहिले दोन मिनिटही वाचतात.