फिस्ट ऑफ फ्युरी का गेम ऑफ डेथ?

रविवारी विश्रामबागला मित्राच्या रूमवर भडंग खात ब्रूस लीचे बदल्याचे दोन पिक्चर लागोपाठ बघितले. १९७२ च्या फिस्टमध्ये पण काय लय पैसा ओतलेला नाही, सेट सरळ सेटच वाटतात, पण गुरूला मारलंय म्हणून हा पेटतो ते पटतं राव. गेम ऑफ डेथ आला १९७८ ला अन् ली तर १९७३ लाच गेलेला, मग काय डुप्लिकेटला गॉगल घालून फिरवलंय, एका सीनला तर आरशावर लीच्या तोंडाचा कटआउट चिकटवलाय, हसून हसून भडंग सांडलं. त्यात खऱ्या अंत्ययात्रेचं फुटेज घुसडलंय, ते काय बरं वाटलं नाही. शेवटी पिवळ्या ड्रेसमधला खरा ली सात फूट दोन इंची बास्केटबॉलवाल्या करीम अब्दुल-जब्बारला भिडतो तेवढं मात्र बघा, आधीचं पळवून.